सेल्फ फिरतो, पण ट्रक सुरू होत नाही

दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या तहामुळे अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात नोंदले गेले. आज हा तालुका पानमळे, केळी, संत्री आणि कापूस यांसाठी ओळखला जातो. येथून जाणारी मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंदमापी 'शकुंतला' रेल्वे बंद पडली असून मालाची ने-आण रस्त्यानेच होते. तोडलेली केळी थांबत नाहीत आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावाची तहानही थांबत नाही. अशा वेळी जुना ट्रक ऐन पहाटे अडून बसला, तर चालक घाईघाईने सेल्फ मारीत राहतो. बॅटरी उतरते, सेल्फ जळतो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून तपासणीचा क्रम माहीत असणे हिताचे ठरते.

डिझेल इंजिन कसे पेटते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळा ते अठरापट दाबली जाते. चांगल्या स्थितीतील इंजिनात तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की ते आपोआप पेटते. म्हणजेच स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि पुरेसा दाब या तिन्हींची गरज असते. सेल्फ फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर यांपैकी काहीतरी कमी पडत आहे असे समजावे.

धुराची साक्ष

एका माणसाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच येत नसेल, तर बहुधा डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. काळा धूर येत असेल, तर हवा कमी पडत असावी. एअर फिल्टर धुळीने कोंदला आहे काय, ते पाहावे.

धूर नसल्यास

प्रथम टाकीत डिझेल आहे याची खात्री करावी. नंतर इंजिन बंद करण्याची स्टॉप केबल पूर्णपणे मागे आली आहे काय, ते पाहावे. ही केबल अडकून राहिल्याने निष्कारण मिस्त्री बोलावावा लागल्याची उदाहरणे कमी नाहीत. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असल्यासही डिझेल खेचले जात नाही. एवढे ठीक असल्यास नळीत हवा शिरली असावी. फिल्टरवरील स्क्रू सैल करून फिडपंपाचा हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू घट्ट करावा. मग मुख्य पंपावरील स्क्रूची हीच क्रिया करावी. शेवटी नोझलकडील नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल येताच ते आवळावेत. या नळ्यांतील डिझेलचा दाब फार मोठा असतो. त्या धारेजवळ हात नेऊ नये, ती कातडी भेदून आत शिरते. हवा पुनःपुन्हा धरली जात असेल, तर चिरलेली नळी किंवा खराब वॉशर शोधावा.

पांढरा धूर असल्यास

सेल्फ मंद फिरत असल्यास दाब आणि उष्णता कमी पडते. बॅटरीची टोके साफ करून घट्ट बसवावीत, अर्थची पट्टी तपासावी. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढून टाकावे. एवढे करूनही पांढराच धूर येत राहिला, तर नोझल, टायमिंग किंवा पिस्टनच्या रिंगा यांची तपासणी जाणकार मिस्त्रीकडे सोपवावी.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी मिनिटभर थांबावे. हवेच्या मार्गात पेट्रोल ओतण्याचा धोका तर कदापि पत्करू नये.

पंचायतींचे कर्तव्य

पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी आणि पंचायतींच्या वाहनांच्या नोंदणीचे १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होत नाही. तरीही पाणीटंचाईत भाड्याने घेतलेले टँकर जुने असू शकतात. करार करण्यापूर्वी योग्यता प्रमाणपत्राबरोबरच फिल्टर, बॅटरी आणि नळ्याही पाहिल्या, तर गावाला पाणी वेळेवर मिळेल.