गोदामांसाठी गाव कसे तयार करावे

भिवंडीजवळच्या माणकोली, पूर्णा, काल्हेर या गावांत एकेकाळी भात पिकायचा. मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती, म्हणून व्यापाऱ्यांनी जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवायला इथे गोदामे घेतली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. तरी गोदामे हलली नाहीत, उलट वाढली. मुंबई-आग्रा महामार्ग दाराशी, न्हावाशेवा बंदर आवाक्यात आणि मुंबई-ठाण्याचे गिऱ्हाईक शेजारी, ही सोय करावर अवलंबून नव्हती. मात्र तयारीविना आलेल्या या व्यवसायाची किंमतही त्या परिसराने मोजली: अरुंद रस्त्यांवर तासन्‌तास कोंडी, बुजलेले नाले, परवानगीविना उभ्या राहिलेल्या इमारती आणि त्यांत लागणाऱ्या आगी.

जून २०२५ मध्ये आमणे ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. आता वाटेवरच्या अनेक गावांत दलाल फिरू लागले आहेत. जमीन स्वस्त आहे एवढ्यावर चांगली कंपनी येत नाही. कागद स्वच्छ, रस्ता मोठा आणि गावाचा शब्द पक्का असेल तिथे ती येते आणि टिकते. या तिन्ही गोष्टी गावाच्या हातात आहेत. त्या कशा साधायच्या, ते क्रमाने पाहू.

सुरुवातीला जमवायचे

गावाचा नकाशा व गटवारी, इच्छुक खातेदारांचे सातबारा व आठ-अ उतारे, प्रादेशिक किंवा विकास आराखड्याची प्रत, मोजमापाची टेप आणि पाच-सात जणांची समिती. समितीत सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), दोन-तीन जमीनधारक, बचत गटातील एक महिला आणि ट्रक चालवलेला एक माणूस असावा. ट्रक कुठे अडतो, हे त्या माणसाइतके नेमके कोणी सांगणार नाही.

१. गावाचे ठिकाण पारखा. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता भरलेल्या ट्रकच्या वेळेत मोजा. महामार्ग, मोठे शहर, बंदर, रेल्वेचा मालधक्का आणि बाजार समिती इथवर किती वेळ लागतो, ते सकाळी, दुपारी व रात्री तपासून लिहून ठेवा. समृद्धीसारख्या महामार्गावर फक्त इंटरचेंजवरूनच चढता-उतरता येते. रस्ता गावाच्या बांधाला लागून असला, पण इंटरचेंज दूर असेल, तर गोदामाच्या दृष्टीने गाव दूरच आहे. पूर्वी राज्याराज्यांतल्या विक्रीकरामुळे कंपन्या प्रत्येक राज्यात लहान गोदाम ठेवत. २०१७ नंतर त्या कमी ठिकाणी, पण मोठी गोदामे घेऊ लागल्या. मोठ्या कंपनीला जमणारे ठिकाण नसेल, तर निराश होऊ नका. कांदा, कापूस, सोयाबीन साठवणारे तालुक्यापुरते गोदामही गावाला उपयोगी पडते.

२. कागद स्वच्छ करा. व्यवहार सर्वात जास्त इथेच मोडतात, म्हणून या पायरीला पुरेसा वेळ द्या. प्रत्येक गटासाठी एवढे तपासा:

- जमीन भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन? वर्ग दोन असेल, तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागते.
- ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळ, बँकेचा बोजा किंवा न्यायालयीन दाव्याची नोंद आहे का?
- वारसांच्या नोंदी झाल्या आहेत का? सासरी गेलेल्या बहिणींची नावे लागली आहेत का? त्यांचा हक्क डावलून केलेला करार पुढे कोर्टात अडकतो आणि तो अन्यायही आहे.
- जमीन आदिवासी खातेदाराची असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे ३६ व ३६-अ लागू होतात. त्यातून पळवाट शोधू नका.
- आराखड्यात जमीन कोणत्या झोनमध्ये आहे? झोन दाखला घ्या. बिनशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून आज लागू असलेला नियम तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवा.

३. सलग क्षेत्र जुळवा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ट्रक वळायला, उभे राहायला आणि मोकळ्या जागेसाठी निम्मी जमीन सोडली, तर एका एकरावर साधारण २२,००० चौरस फुटांचे गोदाम बसते. म्हणजे एक लाख चौरस फुटांच्या गोदामाला साडेचार एकर सलग जमीन हवी. एका शेतकऱ्याकडे ती क्वचितच असते. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एकच लेखी करार करावा आणि भाडे क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घ्यावे. मधल्या गटाचा मालक तयार नसेल, तर त्याच्यावर दबाव आणू नका. त्याची वहिवाट राखून आखणी बदला.

४. रस्ता ट्रेलरच्या मापाने बघा. चाळीस फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर साधारण सोळा-सतरा मीटर लांब असतो. महामार्गापासून जमिनीपर्यंतच्या रस्त्याची रुंदी, वळणे, पुलांची वजनक्षमता, विजेच्या तारांची उंची आणि पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागा नोंदवा. दोन ट्रेलर समोरासमोर आले, तर सहज निघून गेले पाहिजेत. हा रस्ता शाळा, मंदिर आणि बाजारातून जात असेल, तर पहिल्या दिवसापासून बाहेरून वळण रस्ता आखा. राष्ट्रीय महामार्गावर थेट जोडरस्ता हवा असेल, तर महामार्ग प्राधिकरणाची परवानगी आधी मिळवा. ट्रक उभे करायला वेगळी जागा राखा. चालकांसाठी शौचालय, अंघोळीचे पाणी आणि जेवणाची सोय करा. ही माणसे दिवसरात्र आपला माल वाहतात, त्यांना रस्त्याच्या कडेला ठेवणे गावाला शोभत नाही.

५. वीज, पाणी आणि निचरा पाहा. महावितरणकडून उपलब्ध भाराची लेखी माहिती घ्या. आजची मोठी गोदामे आतून दहा-बारा मीटर उंच असतात आणि त्यांना आग विझवण्यासाठी पाण्याच्या मोठ्या टाक्या लागतात. जवळचे अग्निशमन केंद्र किती मिनिटांवर आहे, ते नोंदवा. ओढे, नाले आणि पाणथळ जागा नकाशावर ठळक दाखवा आणि तिथे भराव टाकायचा नाही असे ठरवा. हजारो चौरस फुटांच्या पत्र्यावरचे पाणी कुठेतरी जाणारच. वाट ठेवली नाही, तर ते शेजाऱ्याच्या शेतात किंवा घरात शिरते. छपराचे पाणी साठवण्याची आणि छपरावर सौर पॅनेल बसवण्याची अट सुरुवातीलाच सुचवा.

६. माणसे तयार करा. गावात कामाला तयार तरुण-तरुणी किती, कोणाला संगणकावर नोंदी येतात, कोणाकडे वाहन परवाना आहे, याची यादी करा. जवळच्या आयटीआयमध्ये फोर्कलिफ्ट किंवा साठा नोंदणीचे प्रशिक्षण मिळेल का, ते विचारा. महिलांना काम मिळावे असे वाटत असेल, तर पाळीच्या वेळेला जुळणारी एसटी, रस्त्यावर दिवे आणि पाळणाघर यांचा विचार आधी करा.

७. ग्रामसभेत अटी ठरवा. दलाल येण्यापूर्वी ठराव व्हायला हवा. कोणता माल चालेल, ज्वलनशील रसायने चालतील का, ट्रकच्या वेळा कोणत्या, स्थानिकांना किती काम आणि घरपट्टी कोणत्या दराने, हे लेखी असावे. एक गोष्ट ठामपणे लिहा: गावाच्या नावावर कोणी वाराई (माल चढवण्या-उतरवण्याच्या नावाखाली सक्तीची वसुली) उकळणार नाही आणि जबरदस्तीने ठेका मागणार नाही. कष्टकऱ्यांच्या संरक्षणासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. हमालांची नोंद माथाडी मंडळाकडे करून हक्काची मजुरी व भविष्यनिर्वाह निधी मिळवावा. त्या कायद्याच्या नावावर खंडणी घेणारे कामगाराचेही नुकसान करतात आणि गावाचेही. अशा गावाकडे चांगली कंपनी पुन्हा फिरकत नाही.

८. माहितीची फाइल बनवा. नकाशा, मोजणीपत्रके, उतारे, झोन दाखला, रस्त्याची मापे, विजेचे पत्र, कामगारांची यादी आणि ग्रामसभेचा ठराव एकत्र ठेवा. एक प्रत ग्रामपंचायतीत कोणालाही पाहता येईल अशी असू द्या. येणाऱ्याशी बोलायला समितीतील दोघांना नेमा.

९. करार वकिलाकडून वाचून घ्या. शक्यतो जमीन विकू नका, भाड्याने द्या. पैसा खर्च होतो, जमीन पुढच्या पिढीला उरते. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असलाच पाहिजे. भाडेवाढ कधी व किती, अनामत, करार मध्येच सोडता न येण्याचा काळ, कर कोणी भरायचा आणि मुदत संपल्यावर इमारत कोणाची, हे स्पष्ट लिहून घ्या. बांधकामाची परवानगी हाती येईपर्यंत एकही खांब उभा राहू देऊ नका.

१०. दरवर्षी हिशेब घ्या. जानेवारी आणि जुलैत प्रत्येक गोदामाचे अग्निसुरक्षा प्रमाणपत्र मागा. २००६ च्या राज्य कायद्याने ते बंधनकारक आहे. वर्षातून एकदा ग्रामसभेत चार आकडे मांडा: किती कर आला, किती गावकऱ्यांना काम मिळाले, किती अपघात झाले, किती तक्रारी सुटल्या. पहिले दोन वाढत असतील आणि तिसरा शून्याकडे जात असेल, तर आणखी जमीन द्यायचा विचार करा. तसे नसेल, तर नवीन प्रस्ताव थांबवा आणि आधीची कामे नीट करा. आलेल्या पट्टीचा ठरावीक हिस्सा रस्ते, शाळा आणि दवाखान्यासाठी बाजूला काढा. ज्या शेतकऱ्याची जमीन या व्यवसायात नाही, त्यालाही त्यातून काही मिळाले, तरच गाव या गोदामांच्या पाठीशी उभे राहील.