पेपर बंद करण्याआधी

चि. सोनू यास,


घरी येणारा पेपर तू बंद करायला लावलास, असं वहिनी फोनवर म्हणाली. का, तर तो ‘त्यांचा’ पेपर. ऐकल्यापासून मला चैन नाही. तुझी मतं कुठली असावीत ते तुझं तू ठरव. न पटणारं वाचायचंच नाही, असं तू ठरवलंस याची मला धास्ती वाटते.

गडचिंचल्याचं घे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना पालघरमधल्या या गावात जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा त्या भागात आधीच पसरली होती. पुढे या घटनेला धार्मिक रंग चढवला गेला, तेव्हा राज्याचे त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता. ज्यानं फक्त रंग चढवणारी चॅनेलं पाहिली, त्याच्या डोक्यात आजही भलतंच बसलेलं असेल. पण ‘अफवेतून घडलं’ एवढंच वाचून जो थांबला, त्यालाही अर्धीच बातमी मिळाली. व्हिडिओत सत्तरीचा साधू पोलिसाचा आधार धरून चौकीबाहेर येताना दिसतो. पोलिसांच्या डोळ्यांदेखत माणसं मारली गेली, हा प्रश्न नेटानं लावून धरला तो मुख्यतः सरकारच्या विरोधकांनी. खोटा दावा खोटाच. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या असतात, असं मी म्हणत नाही. पण आपल्या बाजूला अडचणीचा असलेला खरा तपशील बहुधा पलीकडचाच माणूस शोधून आणतो, कारण त्याला तो शोधायची गरज असते.

तू म्हणशील, ते सगळे विकले गेलेत. काही गेले असतीलही. म्हणून तर पारखायला हवं. रात्री नऊच्या चर्चेत ओरडणाऱ्याला दुसरी बाजू समजू नकोस. त्याला ऐकून तू तुझ्या मतात आणखी घट्ट होशील, एवढंच. बातमीदार घटनास्थळी गेला होता का, कागदपत्रं किंवा कोर्टाचा निकाल दाखवतो का, चूक झाली तर दुरुस्ती छापतो का, हे बघ. आणि सगळ्यात आधी हे बघ की स्वतःच्या गोटाला झोंबणारी बातमी तो कधी देतो का. देत असेल, तर अग्रलेख कितीही खटकले तरी त्याच्या बातम्या वाच. हीच कसोटी तुझ्या आवडत्या पेपरलाही लाव.

हे काही आजचंच नाही. टिळक आणि आगरकर दोघेही ‘केसरी’चेच. मतभेद विकोपाला गेल्यावर आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलींच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. त्या वादात नुसता ‘सुधारक’ वाचणाऱ्याला परक्या सरकारनं आपल्या घरात कायदा करावा का, हा टिळकांचा मुद्दा नीट कळला नसता. नुसता ‘केसरी’ वाचणाऱ्याला लहान वयात लग्न झालेल्या पोरींचे हाल. आणि दोन्ही वाचणाऱ्यालाही कितीतरी दिसलं नसतं. इथली बहुतेक वृत्तपत्रं ठरावीक जातींचंच हित पाहतात, हे आंबेडकरांना १९२० मध्ये ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात लिहावं लागलं.

फार बोलले का रे? तू तापट नाहीस, मन लावून विचार करणारा आहेस, म्हणूनच जीव तुटतो. पेपर परत सुरू कर, नाहीतर नको करू. पण माझ्याशी बोलणं टाकू नकोस. तुला तो पेपर कुठे खोटा वाटला, ते कात्रण मला पाठव. मी नीट वाचीन, आणि तुझं बरोबर असेल तर तसं म्हणीन. वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या