डायलिसिस आणि 'सी' प्रकारची कावीळ

बुओना व्हिस्टाहून हिरव्या लाइनने शहराकडे निघाले की पाचवे स्टेशन आऊट्रम पार्क. तिथले सिंगापूर जनरल हॉस्पिटल आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. २०१५ साली याच रुग्णालयाच्या किडनी विभागातील २५ रुग्णांना हिपॅटायटिस-सीची लागण झाल्याचे उघड झाले. त्यांत किडनीरोपण झालेलेही होते. आठ रुग्ण दगावले आणि त्यांपैकी सात मृत्यूंना ही लागण कारणीभूत ठरली असावी, असे स्वतंत्र चौकशी समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये म्हटले. समितीने कोणा एकावर ठपका ठेवला नाही. संसर्ग टाळण्याच्या रोजच्या पद्धतींतल्या त्रुटींवर बोट ठेवले.

इतक्या शिस्तीच्या शहरात हे घडू शकते, तर पुण्या-नागपुरात डायलिसिसवर असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे काय, हा प्रश्न मनात येतोच.

हा विषाणू रक्तातून पसरतो. एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने नाही. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आठवड्यातून दोन-तीनदा नळ्यांतून बाहेर फिरते, म्हणून धोका जास्त. अनेकांना वाटते की दोष मशीनचा. पण हा विषाणू डायलायझरच्या पडद्यातून सहसा पार होत नाही. खरा वाहक असतो हात. एका रुग्णाची सुई काढली, त्याच हातमोज्याने मशीनचे बटण दाबले, मग शेजारच्याच्या औषधाच्या बाटलीला हात लावला! हातमोजा म्हणजे सोवळे नव्हे. तो बदलला नाही तर त्याचा उपयोग फक्त घालणाऱ्याला. रक्ताचा न दिसणारा थेंब वाळला तरी विषाणू कित्येक दिवस टिकतो. एकाच बाटलीतून अनेकांना हेपॅरिन देणे म्हणूनच धोक्याचे. 'सी'साठी वेगळे मशीन आवश्यक नाही, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. 'बी'साठी मात्र वेगळी खोली व मशीन लागते.

नर्स आणि तंत्रज्ञांना भीती वापरलेल्या सुईची. बाधित रुग्णाची सुई टोचली तरी लागणीची शक्यता शंभरात दोनहून कमी असते. पण 'सी'वर लस नाही, त्यामुळे लगेच नोंद करून ठरावीक काळाने तपासण्या करणे हाच मार्ग. 'बी'वर लस आहे, ती रुग्ण व कर्मचारी दोघांनीही घ्यावी.

तपासणीतही एक मेख आहे. लागण झाल्यावर प्रतिपिंडे दिसायला साधारण दोन-तीन महिने लागू शकतात. डायलिसिसच्या रुग्णांत ती कधी दिसतच नाहीत आणि यकृताचे आकडेही फसवे कमी येतात. (आमच्या धंद्यात अशाच प्रोग्रॅमची सर्वांत जास्त भीती वाटते, जो चुकतो पण तक्रार करत नाही.) म्हणून संशय असल्यास थेट विषाणू शोधणारी आरएनए चाचणी मागावी. एरवी डायलिसिस सुरू करताना आणि नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायला हवी. केंद्रात गेलात तर रिपोर्टची तारीख बघा, आणि प्रत्येक रुग्णानंतर खुर्ची व मशीन पुसतात का तेही बघा. विचारायला संकोच वाटतो, पण विचारावे.

आता दिलासा. गोळ्यांचा आठ ते बारा आठवड्यांचा कोर्स घेतल्यास शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि डायलिसिसवर असतानाही तो घेता येतो. किडनीरोपण ठरले असेल तर कोर्स आधी की नंतर, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. भारतात २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर चाचणी आणि औषधे मोफत मिळतात, हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीत नसते.

खर्चाचेही सांगतो. मेडीशील्ड लाइफ फक्त नागरिक व पीआर यांना लागू आहे. भेटीला आलेल्या आई-वडिलांचे डायलिसिस पूर्णपणे आपल्या खिशातून. इथली केंद्रे पाहुण्या रुग्णाला घेण्याआधी 'बी', 'सी' आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतात. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याआधी केंद्राला फोन करून रिपोर्ट किती दिवसांच्या आतला चालेल ते विचारा, आणि परत गेल्यावर तिकडच्या केंद्रात पुन्हा तपासणीची तारीख आधीच घेऊन ठेवा.