वेग, तोल आणि नियम : सायकल शर्यतीतील बैठकीचा एक अभ्यास

इयत्ता नववीच्या वर्गात संविधानातील स्वातंत्र्याचा हक्क शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "सर, सायकल माझी, अंग माझे, पडलो तर मीच पडणार. मग सायकलवर मी कसे बसावे हे दुसऱ्याने का ठरवावे?" या प्रश्नामागे एक प्रसंग होता. भ्रमणध्वनीवर परदेशी सायकलपटूंची चित्रफीत पाहून तो शाळेजवळच्या उतारावर सीट सोडून पुढच्या दांडीवर बसत असे, हनुवटी हँडलला टेकवीत असे आणि हात ब्रेकपासून दूर ठेवून वेगाने खाली येत असे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी त्याला अडविले होते. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खऱ्या जिज्ञासेचा होता. तासाची घंटा झाली आणि उत्तर अपुरे राहिले. ते पूर्ण करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वाऱ्याशी झुंज

सपाट रस्त्यावर सायकल चालविणाऱ्याला सर्वांत मोठा विरोध कोण करतो? वेग कमी असताना टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण जाणवते. परंतु ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर एकूण विरोधापैकी सुमारे ८० ते ९० टक्के विरोध एकट्या हवेचा असतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. या विरोधाचा मोठा वाटा सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. म्हणून पाठ वाकविणे, कोपरे आत घेणे, डोके खाली घालणे हे वेग वाढविण्याचे सर्वांत स्वस्त साधन ठरते. नवी सायकल विकत घ्यावी लागत नाही, केवळ बसण्याची रीत बदलावी लागते.

याचा पुरावा १९८९ च्या टूर दे फ्रान्स या शर्यतीने जगाला दिला. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस हे २४.५ किलोमीटरचे अंतर प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाविरुद्ध कापावयाचे होते. फ्रान्सचे लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यांनी हँडलला पुढे आलेल्या दांड्या जोडल्या होत्या. त्यांवर कोपरे टेकवून, हात जवळ घेऊन ते बसले आणि त्या टप्प्यात फिन्यों यांच्यापेक्षा ५८ सेकंद कमी वेळ घेतला. तीन आठवड्यांची शर्यत अवघ्या ८ सेकंदांच्या फरकाने निकाली निघाली. त्या ८ सेकंदांत बैठकीचा वाटा निश्चितच होता.

बंदीचा इतिहास

सायकलीवरील बैठकीवर बंदी घालण्याचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉर या फारशा प्रसिद्ध नसलेल्या सायकलपटूने पाठीवर रेलून चालवावयाच्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. १९१४ पासून अबाधित असलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम त्याने मागे टाकला. परिणाम असा झाला की १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने सायकलीची व्याख्याच बदलली आणि ती सायकल स्पर्धेबाहेर ठेवली. तिच्यावरील स्वार जमिनीच्या जवळ असतो. पडण्याची उंची वाढत नाही, कमीच होते. ही बंदी जीविताच्या रक्षणासाठी नव्हती. सायकल म्हणजे काय, याविषयीची रूढ कल्पना तिने राखली.

साठ वर्षांनी तोच प्रकार स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री यांच्या वाट्याला आला. त्यांच्यामागे मोठा संघ नव्हता, कारखाना नव्हता. त्यांनी स्वतःच्या हातांनी सायकल बनविली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग वापरले. हात छातीखाली दुमडून, छाती हँडलवर झुकवून बसण्याची रीत त्यांनी शोधून काढली. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे त्यांनी तासाला ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. तो मोडला गेल्यावर एप्रिल १९९४ मध्ये ५२.७१३ किलोमीटर अंतर कापून त्यांनी तो परत मिळविला. त्यानंतर काही आठवड्यांतच संघाने त्या बैठकीवर बंदी आणली आणि त्याच वर्षी पालेर्मो येथील जागतिक स्पर्धेत ओब्री बाद ठरविले गेले.

संघाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ राहावा, महागड्या साधनांच्या बळावर शर्यत जिंकली जाऊ नये, हा विचार १९९६ च्या लुगानो सनदेत नोंदविला गेला आणि त्यात तथ्य आहे. परंतु घरच्या घरी सायकल घडविणाऱ्या ओब्री यांच्यावर महागड्या साधनांचा आरोप कसा करावा? समतेच्या नावाने केलेला नियम साधनहीन माणसावरच पडला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही विसंगती टिपून ठेवावी.

उतारावरील बैठक आणि २०२१ चा नियम

घाट उतरताना पायडल मारण्याचा फारसा उपयोग राहत नाही. त्या वेळी वेग मुख्यतः शरीर किती आखडून घेतले यावर ठरतो. काही सायकलपटू सीट सोडून दांडीवर बसू लागले, छाती हँडलवर टेकवू लागले. ८ व्या टप्प्यात, ९ जुलै २०१६ रोजी, टूर दे फ्रान्समध्ये ब्रिटनच्या क्रिस फ्रूम यांनी पेरसूर्द घाटाच्या उतारावर दांडीवर बसून, त्याच अवस्थेत पायडल मारीत १३ सेकंदांनी टप्पा जिंकला आणि आघाडीची पिवळी जर्सी मिळविली. जगभरच्या तरुणांनी ती बैठक उचलली. पुढे नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठाचे बर्ट ब्लॉकेन व त्यांचे सहकारी यांनी उतारावरील निरनिराळ्या बैठकांचा वायुगतिकीच्या दृष्टीने अभ्यास केला. फ्रूम यांची बैठक सर्वांत वेगवान नव्हती, असे त्यातून दिसून आले. ज्याचे डोळे झाकून अनुकरण झाले, ते वेगाच्या कसोटीवरही सर्वश्रेष्ठ नव्हते.

१ एप्रिल २०२१ पासून आंतरराष्ट्रीय संघाने दोन गोष्टींना मनाई केली. एक, दांडीवर बसणे. दोन, घड्याळाविरुद्धच्या शर्यतींखेरीज इतर शर्यतींत मनगटापासून कोपरापर्यंतचा हात हँडलवर टेकवून त्याचा आधार घेणे. त्याच महिन्यात लिएज-बास्तोन-लिएज या शर्यतीत इक्वेडोरचे रिचर्ड कारापाझ दांडीवर बसल्यामुळे बाद झाले. अनेक सायकलपटूंनी या नियमावर टीका केली. खरा धोका रस्त्यावरील अडथळ्यांत, कठड्यांत आणि शर्यतीचा शेवट उतारावर ठेवण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२० मध्ये पोलंडमधील कातोवित्से येथे उताराच्या शेवटच्या पट्ट्यात फाबियो याकोबसेन कठड्यावर आदळून मरणाच्या दारात पोहोचले होते. तेथे कारण बैठकीचे नव्हते. ही टीका निराधार म्हणता येणार नाही.

धोका नेमका कोठे आहे

तरीही या बैठका धोक्याच्या का, हे गणिताने समजून घेता येते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. समोर खड्डा दिसला आणि ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात सायकल २२ मीटर पुढे गेलेली असते. हात ब्रेकवर नसतील आणि ते तेथे नेण्यास आणखी अर्धा सेकंद लागला, तर आणखी ११ मीटर जातात. ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतरही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे २५ मीटर उंचीवरून, म्हणजे आठ मजली इमारतीवरून पडण्यासारखे आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाला हीच उंची सुमारे सहा मीटर भरते.

दुसरी गोष्ट तोलाची. सीटवर बसलेला स्वार कंबर मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे हलवून तोल सावरू शकतो. पायडलवर उभे राहून खड्ड्याचा धक्का गुडघ्यांत जिरवू शकतो. दांडीवर बसल्यावर वजन पुढे येते, मागचे चाक हलके होते आणि त्याचा ब्रेक कमी उपयोगी पडतो. गुडघे दुमडलेले असल्याने धक्का जिरविण्यास वाव राहत नाही. केवळ हात टेकवून बसल्यास हँडलवरील पकड ढिली पडते. एखाद्या खड्ड्याने हात निसटला की चाक आडवे होते.

तिसरी गोष्ट दृष्टीची. डोके जितके खाली, तितका समोरचा रस्ता कमी दिसतो. जानेवारी २०२२ मध्ये कोलंबियाचे एगान बेर्नाल सराव करीत असताना घड्याळाविरुद्धच्या शर्यतीच्या सायकलीवरून थांबलेल्या बसवर मागून आदळले. मणके, मांडी, गुडघा यांची हाडे मोडली. प्राण थोडक्यात वाचले. सप्टेंबर २०२३ मध्ये नेदरलँड्समधील एमेन येथे स्वित्झर्लंडचे स्टेफान क्यूंग खाली मान घालून जात असताना कठड्यावर आदळले आणि फुटलेल्या हेल्मेटसह रक्तबंबाळ अवस्थेत शर्यत पूर्ण करून आले. स्वतः फ्रूम जून २०१९ मध्ये सरावाच्या वेळी घड्याळाविरुद्धच्या सायकलीवर असताना नाक शिंकरण्यासाठी हँडलवरून हात काढतात तोच वाऱ्याचा झोत आला आणि ते भिंतीवर आदळले. चार वेळा टूर दे फ्रान्स जिंकलेल्या या खेळाडूला त्यानंतर ती पुन्हा जिंकता आली नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या तिन्ही अपघातांत बैठक नियमाने मान्य असलेलीच होती. म्हणजे नियम पाळला की माणूस सुरक्षित झाला, असे होत नाही. नियम जेथे संपतो तेथे सावधानता सुरू होते. बुद्धांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला तो 'अप्पमादा'चा, म्हणजे गाफील न राहण्याचा होता, हे आपण जाणतोच.

नियम आणि तत्त्व

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम ठरलेल्या चाकोरीने वागण्यास सांगतो. तत्त्व विचार करण्याची कसोटी देते आणि वागण्याची जबाबदारी माणसावर सोपविते. हा भेद येथे लावून पाहावा. १९३४ च्या आणि १९९४ च्या बंदीने रूढ चाकोरी राखली. २०२१ च्या बंदीने, तिच्यात उणिवा असल्या तरी, माणसाचा जीव राखण्याचा हेतू धरला. म्हणून कोणताही नियम समोर आला की प्रथम विचारावे : हा कोणाचे रक्षण करतो, माणसाचे की केवळ परंपरेचे? हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपण कधीही सोडू नये. आपल्या पूर्वजांवर जे नियम लादले गेले, त्यांना हा प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती.

विनयपिटकातील नियमांची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तेथे आधी घटना सांगितलेली असते, नंतर नियम. आणि नवा प्रसंग उद्भवला की त्या नियमात दुरुस्तीही होते. सायकलीच्या क्षेत्रातही असेच घडले. १९९१ मध्ये संघाने हेल्मेट सक्तीचे करू पाहिले तेव्हा सायकलपटूंनी संप केला. डोके आमचे आहे, हाच त्यांचा युक्तिवाद होता. १९९५ मध्ये पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर हेल्मेट न घातलेले इटलीचे फाबियो कासार्तेली मरण पावले. मार्च २००३ मध्ये कझाकस्तानचे आंद्रेई किविलेव्ह मरण पावले, त्यांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यानंतर त्याच वर्षी हेल्मेट सक्तीचे झाले. घटना आधी, नियम नंतर. शहाणपण यात आहे की इतरांच्या घटनेवरून आपण आधीच शिकावे.

"पडलो तर मीच पडणार" हे विधान मात्र तपासावे लागेल. शर्यतीत एक पडला की मागचे त्याच्यावर पडतात. रस्त्यावर एक पडला की समोरून येणारी स्त्री, कडेचे मूल, मागून येणारा दुचाकीस्वार सापडतो. घरी वाट पाहणारी आई तर पडण्याच्या वेळी तेथे नसते, पण दुखापत तिच्याही वाट्याला येते. आणि सर्वांत मोठा पुरावा तो विद्यार्थी स्वतःच आहे. हजारो मैलांवरील एका सायकलपटूची बैठक पाहून तो आपल्या शाळेच्या उतारावर तसा बसला. म्हणजे त्या सायकलपटूची कृती केवळ त्याची राहिली नव्हती. उद्या आपल्या विद्यार्थ्याकडे पाहून पाचवीचे मूल तसेच करील. स्वातंत्र्याला बंधुतेची जोड का लागते, याचे याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

आपल्यासाठी

मार्च २०२२ मध्ये मिलान-सान रेमो या शर्यतीत स्लोव्हेनियाचे मातेय मोहोरिच यांनी, ज्यांनी पूर्वी दांडीवर बसण्याची रीत लोकप्रिय केली होती, सीट खाली-वर करता येणारी नळी सायकलीला बसविली. पोज्जो टेकडीचा उतार त्यांनी सीटवर बसूनच वेगाने उतरला आणि शर्यत जिंकली. नियमाच्या चौकटीत राहून बुद्धी चालविता येते, हे त्यांनी दाखविले.

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उतारावर सीटवरच बसावे. पाठ वाकवावी, पण नजर दूर समोर ठेवावी. बोटे सदैव ब्रेकवर असावीत. वळण येण्यापूर्वीच वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर जोराने ब्रेक दाबू नये. वळताना बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवावे. दोन्ही ब्रेक आणि टायरची हवा निघण्यापूर्वी पाहावी. हेल्मेट घालावे. वेगाचा सराव मैदानावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावा. रहदारीच्या रस्त्यावर करू नये.

त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर एवढेच आहे : बाळा, तू विचारलेस हे योग्यच केलेस आणि पुढेही विचारीत राहा. अधीक्षकांनी तुला अडविले ते तुझे स्वातंत्र्य हिरावण्यासाठी नव्हे. तू मोठा होऊन आपल्या लोकांचे प्रश्न विचारावेस, यासाठी तुझे डोके शाबूत राहिले पाहिजे.