प्रतिकृतीवरील रंग

एखाद्या मोठ्या वस्तूची सर्व मापे एकाच प्रमाणात कमी करून जी छोटी वस्तू तयार करतात, तिला त्या वस्तूची प्रतिकृती म्हणतात. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. बहात्तर पटींनी लहान अशी त्याची प्रतिकृती केली, तर तो विस्तार सुमारे १५६ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही भरत नाही. अशा प्रतिकृती प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून जुळविण्याचा छंद विसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत फोफावला. १९५२ साली ब्रिटनमधील एअरफिक्स या कंपनीने ‘गोल्डन हाइंड’ या जुन्या जहाजाचा संच दोन शिलिंगांस विकावयास काढला, आणि शाळकरी मुलांनाही हा छंद परवडू लागला.

भाग जुळवून झाले, म्हणजे प्रश्न उरतो रंगाचा. प्रतिकृतींसाठी खास बनविलेले रंग इवल्याशा बाटल्यांतून मिळतात. एका बाटलीत दहापासून सतरापर्यंत मिलिलिटर रंग असतो आणि त्या मानाने त्याची किंमत बरीच असते. उलट, लोखंडी सामानाच्या दुकानात दाराच्या कड्या, खिळे आणि नळांच्या शेजारी फवाऱ्याच्या रंगाचे मोठाले डबे मांडलेले असतात. ते खिडक्यांचे गज, सायकली आणि फाटके रंगविण्यासाठी असतात. त्या डब्यात केवळ रंग नसतो, फवारा उडविणारा वायूही असतो, हे ध्यानात घेतले तरी तो सौदा पुष्कळच स्वस्त पडतो. मग फाटकाचा रंग विमानाला चालेल काय?

चालतो, परंतु फाटकाला रंग देतात तसा देऊन चालत नाही. याचे कारण मापात आहे. प्रतिकृतीवर रंगाचा थर एकदशांश मिलिमीटर जाडीचा बसला, असे समजा. नुसत्या डोळ्यांना ही जाडी नगण्य वाटते. परंतु प्रतिकृती ७२ पटींनी लहान आहे; त्या हिशेबाने खऱ्या विमानावर ७.२ मिलिमीटर जाडीचा रंग थापल्यासारखे होते! पत्र्यांचे सांधे, रिव्हेटांच्या ओळी आणि झडपांच्या कडा साच्यात किती कौशल्याने कोरलेल्या असतात. त्या सर्व अशा थराखाली बुजून जातात. फाटकावर जाड थर हा गुण ठरतो, कारण तो पावसापासून लोखंडाचे रक्षण करतो. प्रतिकृतीवर तोच दोष होतो.

फवाऱ्याच्या रंगाची कथा मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना डासांपासून बचाव करण्यासाठी दाबाखाली कीटकनाशक भरलेले डबे दिले गेले होते. युद्ध संपल्यावर, १९४९ साली, इलिनॉय राज्यातील सिकॅमोर या गावी एडवर्ड सीमोर नावाचे एक रंगव्यावसायिक घरे उबदार ठेवणाऱ्या वाफेच्या नळ्यांसाठी ॲल्युमिनियमचा रंग विकीत असत. तो रंग ग्राहकांस सहज करून दाखविता यावा, म्हणून हवा सुधारण्याच्या फवाऱ्यासारख्या डब्यात तो भरून पाहण्याची कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांनी सुचविली. ग्राहकांना रंगाहून तो डबाच अधिक आवडला, असे म्हटले तरी चालेल.

या डब्यात वायू दाबाखाली द्रवरूपात असतो. बटण दाबताच तो रंगाला घेऊन बाहेर उसळतो, क्षणात बाष्परूप होतो आणि रंगाचे बारीक कण होतात. पूर्वी या कामी क्लोरोफ्लुओरोकार्बन नावाचे वायू वापरीत. ते वातावरणातील ओझोनच्या थराचा नाश करतात, असे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हळूहळू हद्दपार झाले. आता बहुधा प्रोपेन व ब्यूटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसमधील वायू, वापरतात. ओझोनला ते बाधत नाहीत. मात्र ते ज्वालाग्राही आहेत.

प्रतिकृतीला खरे भय आहे ते रंग पातळ करण्यासाठी वापरलेल्या द्रावकाचे. ॲसिटोन, टोल्युइन असे तीव्र द्रावक कित्येक रंगांत असतात. लोखंडावर ते निरुपद्रवी असतात. थर्माकोलच्या तुकड्यावर मात्र असा फवारा मारला, तर तो डोळ्यांदेखत खचून खड्डे पडतात. गणपतीच्या मखरावर हौसेने रंग उडविणाऱ्या पुष्कळांनी हा प्रकार पाहिला असेल. प्रतिकृतीचे प्लास्टिक आणि थर्माकोल ही दोन्ही पॉलिस्टायरिनचीच रूपे आहेत. थर्माकोल फुगविलेला असतो म्हणून तत्काळ विरघळतो, प्लास्टिक घट्ट असते म्हणून तग धरते, एवढाच फरक. तीव्र द्रावकाचा ओला फवारा त्यावर साचला, तर पृष्ठभाग मऊ पडून नक्षी कायमची पुसली जाते. महिनाभराचे काम क्षणात वाया जाते, आणि त्यावर उपाय नसतो. म्हणूनच जाणता कारागीर नवा डबा आणला की प्रथम टाकाऊ भागावर त्याचा प्रयोग करतो. संचातील भाग ज्या प्लास्टिकच्या दांड्यांना जोडलेले असतात, त्या या परीक्षेला उत्तम. त्यांचे प्लास्टिक तेच असते आणि त्या कोणालाही नको असतात.

रंगाआधी अस्तर द्यावे लागते. दुकानदार त्याला प्रायमर म्हणतात. पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्तीला रंग चढविण्यापूर्वी पांढरा हात देतात, त्यातलाच हा प्रकार. गुळगुळीत प्लास्टिकवर रंगाला धरून ठेवणे, हे अस्तराचे पहिले काम. दुसरे काम दोष दाखविण्याचे. निरनिराळ्या रंगांच्या भागांवर करडे अस्तर बसले की सर्व पृष्ठभाग एकरंगी होतो, आणि सांध्यात राहिलेली फट किंवा डिंकाचा ठसा लगेच नजरेस येतो. तेथे लांबी भरून, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासले म्हणजे काम साफ होते. लोखंडासाठी तांबूस अस्तरही मिळते. त्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडामुळे येतो. आपल्या ओळखीच्या गेरूचा तांबडेपणाही त्यामुळेच. जहाजांच्या बुडाला हाच रंग पुष्कळदा देत असल्याने जहाजांच्या प्रतिकृतींना हे अस्तर वरच्या रंगाचेही काम देऊन जाते.

अस्तर देण्यापूर्वी भाग साबणाच्या पाण्याने धुवून वाळवितात, कारण साच्यातून सुटताना त्यांना तेलकटपणा लागलेला असतो. डबा एक-दोन मिनिटे चांगला हलवावा लागतो. आत खुळखुळणारी गोळी तळाशी बसलेला रंग ढवळते. फवारा वस्तूपासून वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरून मारतात. फार जवळून मारला तर ओघळ येतात. फार लांबून मारला तर कण वाटेतच वाळून पृष्ठभागावर धुळीसारखे बसतात. हात थांबवून चालत नाही. फवारा वस्तूच्या एका बाजूस मोकळ्या जागी सुरू करून, वस्तूवरून सरळ नेऊन, पलीकडे गेल्यावर बंद करावयाचा असतो. पहिला हात इतका विरळ की खालचे प्लास्टिक दिसत राहावे. नवशिक्याला ते पाहवत नाही, आणि तो त्याच जागी पुन्हा बटण दाबतो. बहुतेक प्रतिकृती बिघडतात त्या याच ठिकाणी.

हवेचेही महत्त्व आहे. थंडीत डब्यातील दाब कमी होतो आणि रंग थेंबाथेंबाने थुंकल्यासारखा येतो. तेव्हा डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवतात. विस्तवावर तो कधीही धरावयाचा नसतो. ५० अंश सेल्सियसपेक्षा अधिक उष्णता अशा डब्यांना वर्ज्य आहे. पावसाळ्यात वेगळी अडचण उद्भवते. द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतील दमट वाफ साचते आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

वाळण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक. लॅकर जातीचा रंग द्रावक उडून गेला की वाळतो. एनॅमलचे तसे नाही. त्यातील द्रावक उडाल्यानंतर तो हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतो, आणि ही क्रिया वरून आत चालते. वरची साय धरलेली असताना आतला रंग ओला असतो. अशा वेळी दुसरा हात दिला, तर नवा द्रावक त्या सायीत शिरतो आणि सारा थर सुरकुततो. काही डब्यांवर ‘एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर’ दुसरा हात द्यावा असे छापलेले असते, त्याचे कारण हेच. लॅकरवर एनॅमल चालते. एनॅमलवर लॅकर दिले तर खालचा थर बहुधा उचलला जातो. रंग पुरता वाळला की नाही हे बोट लावून पाहण्यापेक्षा हुंगून पाहावे; वास येत आहे तोवर आत द्रावक आहे.

हा वास नुसता अप्रिय नाही, अपायकारकही आहे. नाकाला बांधलेला रुमाल रंगाचे काही कण अडवील, वाफ अडविणार नाही. म्हणून हे काम घराबाहेर, मोकळ्या हवेत, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली आणि चूल, उदबत्ती किंवा पेटती काडी यांपासून दूर करतात. काम संपल्यावर डबा उलटा धरून बटण दाबतात. तोंडातला रंग निघून जातो, नुसता वायू येऊ लागतो, आणि पुढच्या वेळी छिद्र तुंबलेले सापडत नाही. डबा रिकामा वाटला तरी त्यात थोडा वायू उरतोच. त्यामुळे त्याला भोक पाडणे किंवा तो कचऱ्याबरोबर जाळणे धोक्याचे असते.