जुन्या सायकलीची किंमत कशी ओळखावी?

मालाडचा भंगारवाला सायकल किलोवर घेतो. आपल्या होस्टेलच्या स्टँडात धूळ खाणाऱ्या सायकलीही तशाच जाणार आहेत म्हणे. त्याआधी एक फडके आणि दोरा घेऊन खाली या.

आधी मागचा हब पुसा. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा निघाला तर त्यावर बहुधा साल आणि महिना ठोकलेला असतो. (गिअर ७५, १०० आणि १३३ टक्के. एपिसायक्लिक गिअर वर्गात डोक्यावरून गेला असेल तर हा उघडून बघाच!) मग सांधे. हाताने बांधलेल्या जुन्या फ्रेमच्या नळ्या लगमध्ये बसवून पितळाने ब्रेझ केलेल्या असतात. रेनॉल्ड्स ५३१ ही १९३५ सालची नामांकित नळी टोकांना जाड, मधे पातळ. कारण ताण सांध्यापाशी जास्त.

आता दोरा. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून हेडला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर सारखे नसेल तर फ्रेम वाकलेली. हेडमागे खालच्या नळीला फुगवटा दिसला तर समोरून धडक बसलेली. किंमत तिथेच उतरली.

रंग मात्र देऊ नका. खरचटलेल्या मूळ रंगालाच संग्राहक जास्त मोजतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहात महायुद्धातली घडीची बीएसए पॅराट्रूपर आहे. तसली आपल्याकडे कुठली निघायला! पण वरळीच्या कारखान्यातली हिंद निघू शकते. हेडवरचा बिल्ला शाबूत असेल तर हात लावू नका, मला सांगा. रविवारी सकाळी मी स्टँडातच आहे.