दोन अर्जुनी आणि अचूक दुवा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव आणि सडक-अर्जुनी हे त्याचे ८ तालुके. यांपैकी दोन नावांत ‘अर्जुनी’ समान आहे, तर तिरोड्याचे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते. अशा वेळी संकेतस्थळावरील दुवे नावांवरून हाताने तयार केल्यास एका तालुक्यातील शेतकरी दुसऱ्याच तालुक्याच्या पानावर पोहोचण्याचा संभव असतो.

माहिती आणि मांडणी

हा दोष टाळण्यासाठी माहिती व मांडणी वेगळी ठेवणे हितावह ठरते. १९९८ मध्ये मान्यता पावलेल्या ‘एक्सएमएल’ पद्धतीत केवळ माहिती साठविली जाते. येथे प्रत्येक तालुक्याच्या नोंदीत त्याचे नाव व संकेतांक असावा. या नोंदींचे एचटीएमएल पानात रूपांतर ‘एक्सएसएल’ मांडणीपत्रक करते. रूपांतराची ही भाषा १९९९ मध्ये प्रमाणित झाली.

मांडणीपत्रकात नियम एकदाच लिहावयाचा असतो : प्रत्येक नोंदीमागे एक दुवा तयार करावा. दुव्याला दोन अंगे असतात. एक, वाचकाला दिसणारा मजकूर. तेथे तालुक्याचे नाव घ्यावे. दुसरे, ‘एचरेफ’ या गुणधर्मातील पत्ता. तेथे महिरपी कंसात संकेतांकाचा निर्देश करावा. कंसामुळे संगणक तो शब्द जसाच्या तसा न छापता नोंदीतील मूल्य घालतो. कंस राहून गेल्यास आठही दुवे एकाच चुकीच्या पत्त्याकडे जातात.

घ्यावयाची दक्षता

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत तालुके, गावे व ग्रामपंचायती यांना स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत. नवे संकेतांक न बनविता तेच वापरावेत. रूपांतर वाचकाच्या संगणकावर न सोपविता कार्यालयाच्या सर्व्हरवरच करावे. कारण ‘क्रोम’मधील ही सोय काढून टाकण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला आहे.

या पद्धतीत एका नोंदीतील दुरुस्ती पुढील रूपांतरानंतर सर्व पानांवर उमटते; तशीच एका नोंदीतील चूकही सर्वत्र पसरते. म्हणून आपल्या गावाची नोंद ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी निर्देशिकेशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. योजनेचा अर्ज योग्य कार्यालयात पोहोचणे या पडताळणीवर अवलंबून आहे.